दुसऱ्याचं गाणं आपलं करताना नेमकं काय हलवायचं?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. माझ्या शब्दांत सांगायचं तर तो असा: नाशिकचा तुमचा पाच गायकांचा ग्रुप, सोबत कीबोर्ड, गिटार, बास आणि ड्रम. आयझ्ली ब्रदर्स या अमेरिकन ग्रुपचं 'समर ब्रीझ' ऐकून तुम्ही भारावलात. मग सील्स अँड क्रॉफ्ट्सचं मूळ गाणं शोधून ऐकलंत आणि एकाच चालीतून इतकी वेगळी दोन गाणी निघतात याचं नवल वाटलं. तसंच काहीतरी करावं म्हणून एक ओळखीचं इंग्रजी पॉप गाणं घेतलंत. लय उतरवली, कॉर्डमध्ये सातवे-नववे स्वर घातले, शेवटी सगळ्यांनी मिळून आलापी केली. दोन ठिकाणी सादर केलं आणि दोन्हीकडे लोक म्हणाले, "छान आहे, पण मूळ गाणंच बरं वाटतं." कुठे चुकतंय, असं तुम्ही विचारलं आहे.

मी पुण्यात पंचवीसेक वर्षं व्होकल ग्रुप बसवतो, अरेंजिंग करतो, आणि यातला बराच काळ साठ-सत्तरच्या दशकांतल्या अमेरिकन सोल ग्रुपची (सोल म्हणजे कृष्णवर्णीय अमेरिकनांचं, चर्चच्या गाण्यातून आलेलं संगीत) गाणी कान लावून उतरवण्यात गेला आहे. त्यामुळे तुमचा प्रश्न मला अगदी जवळचा आहे. पण आधी एक कबूल करतो. तुमचं रेकॉर्डिंग मी ऐकलेलं नाही. पाच आवाज कसे आहेत, ऐकायला कोण बसलं होतं, त्यांना मूळ गाणं पाठ होतं की नव्यानेच कानावर पडत होतं, यावर पुष्कळ काही ठरतं. मूळ गाणं ज्यांच्या कॉलेजच्या दिवसांशी जोडलेलं आहे अशांसमोर कुठलीही नवी मांडणी पहिल्या फेरीत हरते. तेव्हा दोन कार्यक्रमांवरून खचून जाऊ नका.

तरीही तुमच्या वर्णनातून एक गोष्ट दिसते. तुम्ही सगळंच थोडं थोडं बदललंत. लय थोडी, कॉर्ड थोड्या, शेवट थोडा. पण गाणं ज्या एका गोष्टीवर उभं आहे तिला हात लावला नाहीत. ज्या ग्रुपची तुम्ही उदाहरणं मानता, त्यांनी बहुतेक वेळा याच्या उलट केलं आहे. गाण्याचं वजन कुठे आहे ते शोधलं, तेवढं एक हलवलं, आणि बाकीचं त्याच्या मागून आपोआप सरकलं.

'समर ब्रीझ'च घेऊ, कारण तुमच्या डोक्यात तेच आहे. मूळ गाणं १९७२ चं. साडेतीन मिनिटांच्या आत संपतं. त्यात एक माणूस संध्याकाळी कामावरून घरी येतो, अंगणात उन्हाळ्याचा वारा आहे, जाईचा वास आहे, घरात वाट बघणारं माणूस आहे. समाधानाचं गाणं आहे. दोन मऊ आवाज एकमेकांत मिसळून गातात, कोणी पुढे येत नाही. गाण्याचं वजन शब्दांतल्या चित्रावर आहे.

आयझ्लींनी ते १९७३ मध्ये '३+३' या अल्बमसाठी घेतलं. अल्बमच्या नावातच त्यांची तेव्हाची रचना आहे: रोनाल्ड, रूडॉल्फ आणि ओ'केली हे तीन थोरले गायक भाऊ, आणि त्यांच्यात नव्याने सामील झालेले तिघे तरुण वादक, म्हणजे धाकटे भाऊ अर्नी गिटारवर आणि मार्व्हिन बासवर, तर रूडॉल्फचा मेहुणा ख्रिस जॅस्पर कीबोर्डवर. आता बघा, त्यांनी काय ठेवलं. चाल जवळजवळ तशीच. सुरुवातीची ती ओळखीची सुरावटही ठेवली, ती ऐकताक्षणी गाणं कळतं. शब्दांतलं घरही तेच. मग हललं काय? वजन शब्दांतल्या चित्रावरून उचललं आणि एका गळ्यावर आणि एका गिटारवर ठेवलं. रोनाल्ड तीच ओळ गातो, पण शब्द संपल्यावरही स्वर सोडत नाही. वर फॉल्सेटोत, म्हणजे नेहमीच्या गळ्याच्या वरच्या पातळ आवाजात जातो, तिथे थांबतो, मग सावकाश उतरतो. मूळ गाण्यातला माणूस घरी पोचलेला आहे. रोनाल्डचा माणूस घरी पोचला आहे आणि त्याला ते अजून खरं वाटत नाही. मग अर्नीची फझ आणि फेझर (आवाज खरखरीत आणि लहरता करणारी उपकरणं) लावलेली गिटार येते आणि जे शब्दांत मावत नव्हतं ते ती लांबवर ओढत नेते. सहा मिनिटांहून मोठं गाणं, आणि त्यातली एकही सेकंद भरतीची वाटत नाही.

या गिटारच्या मागेही एक गोष्ट आहे, आणि ती ऐकायला हवी. पुढे जगप्रसिद्ध झालेला गिटारवादक जिमी हेंड्रिक्स १९६४ मध्ये आयझ्लींच्या साथीला होता, तेव्हा तो कोणाला माहीत नव्हता. त्यांच्याच न्यू जर्सीतल्या घरी राहायचा. अर्नी तेव्हा बारा वर्षांचा. म्हणजे 'समर ब्रीझ'मधला तो गिटारचा आवाज बाहेरून आणून चिकटवलेला नव्हता, तो त्या घरात वाढलेला होता. तुमच्या ग्रुपपैकी कोणाच्या घरात काय वाढलं आहे? हा प्रश्न मी प्रत्येक नव्या ग्रुपला विचारतो. कोणाकडे भजन असतं, कोणाकडे चर्चचं कॉयर, कोणाचे वडील बँजो वाजवत असतात. तुमच्याकडे जे आधीपासून आहे तेच गाण्यात आलं तर ते ऐकणाऱ्याला उसनं वाटत नाही. याचा अर्थ इंग्रजी गाण्यात ढोलकी घाला असा अजिबात नाही. बहुतेक वेळा तो एक सजावटीचा थर होतो आणि गाणं जिथल्या तिथे राहतं. अर्नीने हेंड्रिक्सची वाक्यं उचलली नाहीत, गिटारने माणसासारखं गायचं हे उचललं.

दुसरा मुद्दा मला याहून महत्त्वाचा वाटतो: गाणं आता कोणाच्या तोंडी आहे?

आयझ्लींनीच १९७१ मध्ये 'गिव्हिन इट बॅक' नावाचा अल्बम केला. मुखपृष्ठावर तिघे भाऊ हातात अकूस्टिक गिटार घेऊन उभे. त्यात नील यंग, जेम्स टेलर, बॉब डिलन, स्टीफन स्टिल्स यांची गाणी. याआधी गोऱ्या रॉक ग्रुपनी आयझ्लींची गाणी गाऊन मोठं नाव मिळवलं होतं. 'ट्विस्ट अँड शाउट' बहुतेकांना बीटल्सचं म्हणून माहीत असतं, पण बीटल्सनी १९६३ मध्ये गायलं ते आयझ्लींच्या १९६२ च्या रेकॉर्डवरून. आणि आयझ्लींचंही ते पहिलं नव्हतं. १९६१ मध्ये टॉप नोट्स नावाच्या जोडीने ते गायलं, चाललं नाही. गीतकारांपैकी एक असलेल्या बर्ट बर्न्सला ते रेकॉर्डिंग मुळीच पटलं नव्हतं, म्हणून त्याने आयझ्लींना घेऊन स्वतः पुन्हा केलं. एकच गाणं तीनदा उभं राहिलं आणि तिसऱ्या खेपेला जगभर गेलं.

तर 'गिव्हिन इट बॅक'मध्ये पहिलंच गाणं आहे नील यंगचं 'ओहायो'. ४ मे १९७० ला ओहायो राज्यातल्या केंट स्टेट विद्यापीठात युद्धविरोधी निदर्शनांवर नॅशनल गार्डच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या, चार विद्यार्थी मेले, त्यावरचं हे गाणं. मूळ रेकॉर्ड संतापलेल्या तरुणांचं आहे. आयझ्ली भाऊ त्याच ओहायोतल्या सिनसिनाटीचे. त्यांनी त्याला हेंड्रिक्सचं 'मशीन गन' जोडलं आणि नऊ मिनिटांच्या आसपासचं एकच गाणं केलं. कृष्णवर्णीय कुटुंबातली माणसं गोळीबाराबद्दल गातात तेव्हा शब्द न बदलताही मयतांची यादी लांबते. मूळ गाणं बातमीवर रागावतं, हे गाणं प्रेतापाशी बसून राहतं. अर्नी, मार्व्हिन, ख्रिस तेव्हा वयाने त्या विद्यार्थ्यांच्याच आसपासचे होते. हे समजल्यावर ते गाणं ऐका, अंगावर येतं.

याची हलकी, आनंदाची बाजू बघायची तर फिफ्थ डायमेन्शन या ग्रुपचं 'वेडिंग बेल ब्लूज' ऐका. हे गायिका-गीतकार लॉरा नीरोचं गाणं, तिने १९६६ मध्ये गायलं होतं. एक मुलगी बिल नावाच्या मुलाला विचारते आहे, मी तुझ्यासाठी सगळं केलं, लग्न कधी करणार? नीरो ते एकटीने, स्वतःशी बोलल्यासारखं गाते. फिफ्थ डायमेन्शनमध्ये मॅरिलिन मकू गायिका, आणि त्याच ग्रुपमध्ये बिली डेव्हिस ज्युनियर, तिचा होणारा नवरा. दोघांचं लग्न १९६९ मध्ये झालं, त्याच वर्षी हे गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. एकटीची कुरकुर होती तिथे आता बिल समोरच उभा आहे, आणि मागचे आवाज घरच्या मंडळींसारखे तिची बाजू घेतायत. नावसुद्धा बदलावं लागलं नाही.

तेव्हा तुमच्या गाण्याबद्दल पहिला प्रश्न लय किती ठेवायची हा नाही. हे बोलणारं माणूस कोण, किती वयाचं, आणि ते कोणाशी बोलतंय? मूळ गायक जे होता तेच तुमचाही गायक असेल, तर तुम्ही काहीही केलंत तरी ऐकणारा तुलना करणार, आणि तुलनेत मूळ गाणं नेहमी जिंकतं. त्याला ओळखीची सवय लाभलेली असते.

माझा स्वतःचा अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या ग्रुपमध्ये नव्वदच्या दशकातलं एक प्रेमगीत बसवत होतो. मूळ गाणारी पोरं विशीतली, विनवणीचा सूर. आमच्यातला एक गोड गळ्याचा मुलगा ते गायचा, तीन महिने तालमी केल्या, सगळं सुरात, आणि गाण्यात जीव नाही. एक दिवस त्याला ताप आला. तालीम थांबू नये म्हणून आमच्या ग्रुपमधल्या सर्वांत खालच्या पट्टीत गाणाऱ्या बाईंनी मुख्य ओळ धरली. त्या निवृत्त शिक्षिका, वय साठीकडे झुकलेलं. त्यांना हरकती-मुरक्या फारशा जमत नाहीत, त्यामुळे त्या सरळ गायल्या, स्वतःच्या पट्टीत, मूळपेक्षा चार अर्धस्वर खाली. "परत ये" म्हणणारी तीच ओळ त्यांच्या तोंडून आली आणि खोलीतली सगळी माणसं गप्प झाली. तिच्यात विनवणी उरली नव्हती. तीस वर्षं संसार केलेल्या बाईने एकदाच, शेवटचं सांगितल्यासारखं झालं ते. त्यानंतर आम्ही फक्त एक काम केलं. मागचे आवाज आधी प्रत्येक ओळीला "हो, हो" करत होते, ते पहिल्या कडव्यात पूर्ण बंद केले. दुसऱ्या कडव्यात तिघं येतात, एकच शब्द घेऊन, आणि तोही दोन मात्रा उशिरा. कॉर्ड मूळच्याच ठेवल्या. लयही तीच.

आता मागच्या आवाजांबद्दल, कारण तुम्ही पाच जण आहात आणि तुमची खरी ताकद तिथे आहे. तुमच्या वर्णनावरून वाटतं की एक जण गातो आणि चौघे हार्मनी भरतात. हे बरोबर आहे, पण अपुरं. सोल ग्रुपमध्ये मागचे आवाज म्हणजे जाड केलेला कॉर्ड नसतो, ती पात्रं असतात. आपल्याकडे पोवाड्यात शाहिराच्या मागे झीलकरी उभे असतात ना, तसे. शाहीर सांगतो, झीलकरी "जी जी" करतात, पण चांगला झीलकरी कथेत भाग घेतो, शाहिराला दम घ्यायला जागा देतो, ऐकणाऱ्यांच्या वतीने आश्चर्य करतो.

याचं सर्वांत सुंदर उदाहरण ग्लॅडिस नाइट अँड द पिप्सचं 'मिडनाइट ट्रेन टू जॉर्जिया', १९७३. हेही मुळात दुसऱ्याचं. जिम वेदरली या गीतकाराने लिहिलं तेव्हा गाण्याचं नाव होतं 'मिडनाइट प्लेन टू ह्यूस्टन', म्हणजे रेल्वे नाही, विमान. सिसी ह्यूस्टन या गायिकेने गायलं तेव्हा विमानाची रेल्वे झाली आणि ह्यूस्टन शहराच्या जागी जॉर्जिया राज्य आलं. मग ते नाइट आणि पिप्सकडे आलं, आणि ही मंडळी मुळात जॉर्जियातल्या अटलांटाची. पिप्स म्हणजे तिचा भाऊ मेरल्ड, ज्याला बब्बा म्हणत, आणि दोन चुलत-मावसभाऊ विल्यम गेस्ट आणि एडवर्ड पॅटन. गाण्यात एक माणूस लॉस एंजेलिसमध्ये नशीब काढायला आला, जमलं नाही, आता गावी परत चाललाय, आणि त्याची प्रेयसी त्याच्यासोबत जायचं ठरवते.

पिप्स काय करतात ते नीट ऐका. ग्लॅडिस म्हणते, त्याला स्टार व्हायचं होतं. पिप्स लगेच पुस्ती जोडतात की फार पुढे काही गेला नाही. ती जायचं म्हणते, हे रेल्वेच्या शिट्टीचा आवाज काढतात. कधी तिची ओळ तिच्या आधी उचलतात, कधी तिचा शेवटचा शब्द धरून ठेवतात. ते शेजारी आहेत, भाऊ आहेत, स्टेशनवर सोडायला आलेली माणसं आहेत. हे उत्तर-प्रत्युत्तर काढून टाका, उरते एक चांगली चाल. शेवटी ग्लॅडिस ज्या मोकळ्या ओळी गाते त्याबद्दल तिनेच नंतर सांगितलं आहे की अशा उत्स्फूर्त ओळी तिला सहज सुचत नसत, बब्बा तिला हेडफोनमधून ओळी पुरवत होता. उत्स्फूर्त वाटणाऱ्या जागाही त्या ग्रुपमध्ये एकमेकांना पुरवल्या जात होत्या. तुमच्या चौघांसाठी याहून मोठा धडा माझ्याकडे नाही.

व्यवहारात हे असं करा. मुख्य ओळींचा कागद घ्या. प्रत्येक ओळीच्या शेवटी गायक श्वास घेतो ती जागा मोकळी आहे. तिथे चौघांपैकी एकाने काय म्हणावं हे आधी मराठीत, साध्या बोलण्यात लिहा. "खरंच गेला?", "सांग ना त्याला", "आम्ही सांगितलं होतं." मग त्याला इंग्रजीत दोन-तीन शब्द शोधा. त्यातले निम्मे खोडा. चौघांनी सतत बोलायचं नाही. गप्प बसलेला कोरस जेव्हा पहिल्यांदा तोंड उघडतो तेव्हाच तो ऐकू येतो.

पट्टीबद्दल थोडं. तुम्ही लिहिलंय की गायकाला "आरामात बसेल" अशी पट्टी घेतली. बैठकीला ते ठीक. पण फोर टॉप्स या सोल ग्रुपचं 'वॉक अवे रेने' ऐका. मूळ १९६६ चं, न्यूयॉर्कच्या लेफ्ट बँक या तरुण मुलांच्या ग्रुपचं: हार्पसिकॉर्ड, तंतुवाद्यं, मधे बासरी, आणि अगदी हळुवार, दुखावलेला आवाज. फोर टॉप्सनी ते १९६७ मध्ये घेतलं. त्यांचा मुख्य गायक लीव्हाय स्टब्स मुळात बॅरिटोन, म्हणजे खालच्या पट्टीच्या भरदार गळ्याचा. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीतले हॉलंड-डोझियर-हॉलंड हे निर्माते त्याच्यासाठी पट्टी मुद्दाम उंच ठेवत, म्हणजे त्याला वर पोचायला जोर लावावा लागे आणि त्या जोरातून आर्जव येई. मूळ गाण्यात पोरगा कोपऱ्यात बसून मुसमुसतो. स्टब्सच्या गळ्यात एक धिप्पाड माणूस भर रस्त्यात मोडून पडतो. चाल तीच, फक्त गळा आणि पट्टी यांचं भांडण लावून दिलं.

म्हणून एकच पट्टी धरून बसू नका. काळी एक, पांढरी दोन, काळी दोन अशा तीन-चार पट्ट्यांत तेच कडवं गाऊन फोनवर रेकॉर्ड करा. ज्या पट्टीत सर्वांत महत्त्वाच्या शब्दावर आवाज काठावर येतो पण फाटत नाही, ती तुमची. काही गळ्यांना ती जागा वर सापडते, काहींना, आमच्या त्या बाईंसारखी, खूप खाली.

आता तुम्ही केलेल्या तीन बदलांकडे येतो.

लय उतरवणं. हा सर्वांत सोपा उपाय आहे, म्हणून सगळे तोच करतात. आइक आणि टिना टर्नरचं १९७१ चं 'प्राउड मेरी' ठाय लयीत सुरू होतं आणि मग सुटतं. त्यामुळे अनेकांना वाटतं की आधी संथ, मग जलद, झालं नवं गाणं. पण तिथे टिना आधी बोलून ठेवते की आधी सावकाश, मग खडबडीत गाणार, आणि ऐकणारा त्या क्षणाची वाट बघत बसतो. संथ लय हे तिथे कबूल केलेलं वचन आहे. तुमची लय संथ झाली तेव्हा मोकळ्या झालेल्या जागेत काय आलं? काहीच आलं नसेल तर गाणं फक्त लांबलं.

आणि लय उतरवण्यापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे लयीत कुठे बसायचं. आपण तबल्यासोबत वाढलेली माणसं. समेवर नेमकं येणं आपल्या अंगात भिनलेलं असतं, आणि ते सुंदरच आहे. सोलमध्ये मात्र ड्रमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतो आणि गायक त्याच्या किंचित मागे रेलून बसतो. रोनाल्ड आयझ्लीचे शब्द पहिल्या मात्रेवर क्वचितच येतात. सवयीसाठी एक करा: गाण्याची लय मिनिटाला ८४ ठोके असेल तर मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) ४२ वर लावा आणि त्याचे ठोके दोन आणि चार आहेत असं मानून गा. पहिले दोन दिवस सगळे घसरतील. आठवडाभरात तुमच्या गाण्याची चाल बदलल्यासारखी वाटेल, आणि तुम्ही एकही स्वर बदललेला नसेल.

कॉर्ड. सातवा स्वर घातला की सोल होतं हा समज मी खूप ठिकाणी बघतो. प्रत्येक कॉर्ड श्रीमंत केला की कुठलाच कॉर्ड जाणवत नाही. त्यापेक्षा कडव्यात मूळचे साधे कॉर्ड ठेवा आणि एकाच जागी रंग बदला, मुखड्यावर परत येण्याच्या आधी. 'सी' मेजरमध्ये असाल तर तिथे कीबोर्डवर 'एफ' आणि बासवर 'जी' वाजवून बघा. सत्तरच्या दशकातल्या सोलमध्ये हा आवाज सतत भेटतो. घराच्या दारात उभं राहून आत न गेल्यासारखं वाटतं, आणि मुखडा आला की सुटका होते. तेवढं पुरेल.

शेवटची आलापी. इथे बहुधा तुमची सर्वांत मोठी तांत्रिक चूक आहे. तुम्ही मुखड्याचे चारही कॉर्ड फिरत ठेवून त्यावर आलाप घेतलेत ना? सोल गाण्याचा शेवट चर्चमधून आला आहे. तिथे गाणं संपत आलं की ते एका किंवा दोनच कॉर्डवर थांबतं, कोरस एक छोटी ओळ धरून बसतो आणि ती सोडत नाही, आणि त्या पक्क्या जमिनीवर मुख्य गायक मोकळा होतो. याला वॅम्प म्हणतात. आपल्या अभंगाच्या शेवटी गजर येतो तेव्हा हेच घडतं: शब्द दोन-तीनच उरतात, ठेका चढतो, आणि बुवा सुटतात. फिरत्या कॉर्डवर पाच जण आलाप घेऊ लागले तर प्रत्येक जण कॉर्ड सांभाळत राहतो, मोकळं कोणीच होत नाही. चौघांनी चार शब्दांची एक ओळ धरा, अगदी न हलता. पाचवा जाईल तिथे जाऊ द्या.

सोल ग्रुपची सगळी कव्हर, म्हणजे दुसऱ्यांची गायलेली गाणी, अशी झळाळती नसतात, हेही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही त्यांच्या नावाने दडपून जाल. रेकॉर्ड कंपनीला गोरे श्रोते हवे असत, महागड्या क्लबांमध्ये ग्रुप न्यायचे असत, म्हणून लोकांना ठाऊक असलेली गाणी गायला लावत. सुप्रीम्सनी १९६४ मध्ये 'अ बिट ऑफ लिव्हरपूल' नावाचा, ब्रिटिश ग्रुपनी गायलेल्या गाण्यांचा आख्खा अल्बम केला, टेम्प्टेशन्सनी १९६७ मध्ये 'इन अ मेलो मूड'मध्ये जुनी नाटक-सिनेमातली गाणी गायली. माझ्या मते आवाज अव्वल आणि बरीचशी गाणी जिथल्या तिथे. इतके मोठे गळेसुद्धा, गाणं कोणाच्या तोंडी आहे हे न ठरवता गायले की नुसते सुरेल राहतात.

एक व्यावहारिक गोष्ट, कारण तुम्ही शेवटी लिहिलंय की हे रेकॉर्ड करून टाकायचा विचार आहे. रंगमंचावर गाणं आणि रेकॉर्ड करून प्रसिद्ध करणं यांचे हक्क वेगळे असतात. अमेरिकन कायद्यातल्या सक्तीच्या (मालकाला नाकारता न येणाऱ्या) परवान्यात कव्हर करणाऱ्याला आपल्या शैलीनुसार अरेंजमेंट करता येते, मात्र चालीचा गाभा बदलता येत नाही. भारतात कॉपीराइट कायद्याचं कलम ३१सी आहे, २०१२ च्या दुरुस्तीने आलेलं. पहिल्या रेकॉर्डिंगनंतर पाच कॅलेंडर वर्षं उलटली की आगाऊ सूचना आणि रॉयल्टी देऊन कव्हर करता येतं, पण तांत्रिकदृष्ट्या गरजेचा नसलेला बदल मालकाच्या संमतीशिवाय करता येत नाही. तुम्हाला तर बदलच करायचा आहे. तेव्हा रेकॉर्डिंगवर खर्च करण्याआधी हक्कधारकाची लेखी परवानगी घ्या आणि या विषयातल्या वकिलाला एकदा विचारा.

आता पुढच्या तालमीचं. कीबोर्ड बंद ठेवा, ड्रमही. फक्त टाळी, दोन आणि चारवर. पाचही जणांनी आळीपाळीने ते गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकट्याने गायचं, आपापल्या पट्टीत, एकही हरकत न घेता. बाकीच्या चौघांनी डोळे मिटून ऐकायचं आणि शेवटी एकाच प्रश्नाचं उत्तर चिठ्ठीवर लिहायचं: हे माणूस कोणाशी बोलत होतं? ज्याच्या किंवा जिच्या वेळी चारही चिठ्ठ्यांवर साधारण एकच उत्तर येईल, मुख्य ओळ त्यांना द्या, मग तो ग्रुपमधला सर्वांत तयार गळा नसला तरी चालेल. बास त्याच दिवशी आत घ्या, बाकी वाद्यं पुढच्या आठवड्यात. चिठ्ठ्यांवर काय आलं आणि पट्टी कुठली ठरली ते इथे लिहा, म्हणजे मागच्या चौघांनी कुठे बोलायचं आणि कुठे गप्प राहायचं ते ओळीओळीने बघू.